छाटणीच्या मजुरीची वही

बडतर्फीच्या प्रकरणांसाठी वकिलांच्या कॉम्प्युटरवर एक वाक्य कायमचं टाइप करून ठेवलेलं असतं: ‘या काळात अर्जदार कोठेही लाभदायक रोजगारात नव्हता.’ नाव बदलायचं, तारीख बदलायची, नोटरीकडे पाठवायचं. माझ्या अशिलाने त्याखाली सही करायला नकार दिला.

सरकारी लिपिक, खोट्या नोंदी केल्याचा ठपका ठेवून काढलेला. मॅटने, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाने, पुरावाच नाही म्हणून बडतर्फी रद्द केली. (नाशिकला मॅटचं खंडपीठ नाही. इथल्या माणसाला पंचवटी एक्स्प्रेस पकडून मुंबईच गाठावी लागते.) खात्याने हजर करून घेतलं, पण मधल्या वर्षांच्या पगारावर शेरा मारला: काम नाही, वेतन नाही. कामावर येऊ दिलं नाही ते यांनीच! हा शेरा कितीतरी फायलींत वाचलाय, तरी दर वेळी संताप येतो. मग पगारासाठी दुसरा अर्ज.

“साहेब, मी बसून नव्हतो,” तो म्हणाला. “दिंडोरीकडे द्राक्षबागांत जात होतो. छाटणी, विरळणी, डिपिंग, मिळेल ते. खोटं लिहिल्याचाच तर आळ होता माझ्यावर. आता खरंच खोटं लिहू?”

पिशवीतून त्याने शंभरपानी वही काढली. अक्षर बायकोचं. तारीख, बागायतदार, मजुरी, घेतलेली उचल वजा.

दीपाली सुरवसे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये सांगितलंय, की कर्मचाऱ्याने रोजगारात नव्हतो, किंवा कमी वेतनावर काम करत होतो, एवढं शपथेवर मांडावं. पूर्ण पगार नाकारायचा तर तो दुसरीकडे पूर्वीइतकंच कमावत होता, हे सिद्ध करणं मालकावर. आमच्यातले बरेच जण त्या ‘किंवा’पुढचं वाचतच नाहीत. मी ‘कमी वेतनावर’ असं लिहिलं आणि वहीच्या प्रती जोडल्या. बाररूममध्ये मित्र म्हणाले, आयता पुरावा दिलास त्यांना. मला पटत नाही. लपवलं असतं आणि कुणी बागेतला साक्षीदार उभा केला असता, तर अख्खा माणूस खोटा ठरला असता.

सादरकर्ता अधिकाऱ्यांमार्फत, म्हणजे मॅटपुढे सरकारची बाजू मांडणाऱ्या वकिलांमार्फत, खात्याचं उत्तर आलं: वहीतली सगळी रक्कम थकबाकीतून वजा करावी. बडतर्फीच्या काळातल्या वेतनाबद्दलच्या 1981 च्या महाराष्ट्र नागरी सेवा नियमांतला 71 वा नियम त्या काळातली कमाई वळती करायला सांगतो, त्याबद्दल वाद नाही. पण वहीत बहुतेक ठिकाणी एकाखाली एक दोन आकडे होते, नवऱ्याचा आणि बायकोचा, आणि शेवटी दोघांची बेरीज. खात्याने नुसती बेरीज उचलली. वजा कुणाचं करतोय, एवढंही कुणी पाहू नये?

तक्ता करायला बाईंना ऑफिसात बोलावलं. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून त्या सांगत होत्या, “हे यांचं, हे माझं. या दिवशी हे आले नव्हते, पाठ धरली होती.” काही ओळींत मात्र एकच आकडा होता. बाई थांबल्या. “आठवत नाही. ते यांच्यातच धरा.”

“वहिनी, ते यांचं होतं हे खात्याने सिद्ध करायचंय. तुम्ही का सोडताय?”

“माझं होतं असं शपथेवर कसं म्हणू?”

शेवटी त्या ओळी ‘अनिश्चित’ म्हणून वेगळ्या रकान्यात घातल्या आणि त्या वजा करू नयेत असं प्रत्युत्तरात मागितलं. अशिलाने सही केली, पण तो रकाना पुन्हा पुन्हा वाचून. युक्तिवाद व्हायचाय. न्यायाधिकरणापुढे पहिला मुद्दा बाईंच्या मजुरीचाच घेणार आहे. त्या रकान्याबद्दल विचारलं तर किती जोर लावायचा, हे मात्र अजून ठरत नाहीये.