मांडी घालून दाखवा

परांचीवरून पडल्यानंतर उजव्या पायावर दोन शस्त्रक्रिया झाल्या, गुडघा आखडला आणि पाय पाऊण इंच आखूड झाला. नागपुरात वीस वर्षे टाईल्स बसवणाऱ्या माझ्यासारख्याला उकिडवे बसता येत नसेल, तर कामच उरत नाही. त्यामुळे निराधारांना दरमहा सरकारी मदत देणाऱ्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेत आपण सहज बसू, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात दिव्यांगत्व किमान 40 टक्के आहे की नाही, हे आधी पाहिले जाते.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर अर्ज भरून तपासणीला गेलो. टेबलावर झोपवून, लांब दांड्यांच्या कोनमापकाने गुडघा किती वाकतो ते मोजले गेले, "चालता येते ना?" या प्रश्नाला मी सवयीने "हो, जमते" म्हणालो आणि पाच मिनिटांत बाहेर आलो. प्रमाणपत्रावर 34 टक्के होते. शेजारच्या निवृत्त बाईंनी सांगितले की, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील कलम 59 नुसार अपील करता येते, आणि पायाच्या मोजणीत सांध्याच्या हालचालीबरोबरच जिना चढणे, एका पायावर उभे राहणे, खाली बसणे हेही धरले जाते.

अपील केल्यावर दुसऱ्या वेळी डॉक्टर म्हणाले, "मांडी घालून दाखवा." भिंत धरून खाली टेकलो, उजवा पाय समोर तसाच ताठ राहिला आणि मला उठवायला दोघांना यावे लागले. मग टेपने दोन्ही पायांची लांबी मोजली. या वेळी 46 टक्के मिळाले. त्या फरशीवर लाज वाटली, हे खरे. ती फरशीही नीट बसवलेली नव्हती.

पुढे उत्पन्नाच्या दाखल्यावर अडलो. दिव्यांगांसाठी कुटुंबाची मर्यादा वर्षाला 50,000 रुपये आहे आणि माझ्या दाखल्यावर पडण्यापूर्वीच्या वर्षाची मजुरी होती. नवा दाखला काढला, तेव्हा बायकोची स्वयंपाकाची कमाई तेवढी उरली : महिना 4,000, म्हणजे वर्षाला 48,000. "बरे झाले, पाचशे वाढवून मागितले नाहीत," असे ती म्हणाली.

15 वर्षांच्या रहिवासाचा पुरावा जोडून अर्ज तहसीलमध्ये दिला आणि मंजूर झाला. खाते आधारशी जोडलेले नसल्याने पहिले पैसे मात्र उशिरा आले. ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांगांना महिन्याला 1,500 ऐवजी 2,500 रुपये मंजूर आहेत. वाढलेल्या पहिल्या रकमेतून मी उजव्या चपलेचा तळ पाऊण इंच उंच करून घेतला.