निकाल राखून ठेवला

मामाच्या गिरगावातल्या चाळीत दोन खोल्या होत्या. १९८६च्या मे महिन्यात त्यातल्या बाहेरच्या खोलीत ऑलिंपिक भरलं होतं.

मामा मर्चंट नेव्हीत. इंग्लंडच्या फेरीवरून येताना त्याने झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक आणला. शंभर पानी वहीएवढा काळा डबा, त्यावर रबराच्या चाळीस करड्या कळा, कोपऱ्यात चार रंगांचे तिरके पट्टे, आत ४८ के मेमरी. सोबत १४ इंची रंगीत टीव्हीही आणावा लागला. स्पेक्ट्रमचं चित्र यूएचएफच्या छत्तिसाव्या चॅनेलवर यायचं आणि आजीचा लाकडी शटरवाला टीव्ही व्हीएचएफपलीकडचं काही पकडतच नसे. परीक्षा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी मी दादरहून स्लो लोकलने चर्नी रोडला उतरले ती थेट जूनमध्ये शाळा उघडायच्या आदल्या दिवशी घरी परतले.

खेळाचं नाव ‘डेली थॉम्प्सन्स डिकॅथलॉन’. ओशन कंपनीने तो १९८४ साली काढला होता. दोन दिवस, दहा प्रकार. पहिल्या दिवशी १०० मीटर, लांब उडी, गोळाफेक, उंच उडी, ४०० मीटर. दुसऱ्या दिवशी ११० मीटर अडथळा, थाळीफेक, बांबूउडी, भालाफेक आणि शेवटी १५०० मीटर. खऱ्या डिकॅथलॉनचा क्रमही हाच. हा क्रम मी त्या खोलीतच पाठ केला आणि आजही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

खेळ कॅसेटवर होता, त्यामुळे तो सुरू होण्याआधी पाच मिनिटं श्वास रोखून बसायचं असे. ‘जे’ची कळ दाबली की पडद्यावर ‘लोड’ हा अख्खा शब्द उमटायचा, मग दोन अवतरणचिन्हं, मग एंटर, आणि टेपरेकॉर्डर चालू. पडद्याच्या कडेला आधी लाल-आकाशी पट्टे, मग निळे-पिवळे, आणि कानात ती कर्कश किरकिर. आवाज थोडा कमी-जास्त झाला तरी शेवटच्या मिनिटाला ‘आर टेप लोडिंग एरर’ असं येऊन सगळं पुन्हा पहिल्यापासून. मामाने टेपरेकॉर्डरच्या आवाजाच्या बटणावर आजीच्या कुंकवाने एक बारीक खूण केली होती. त्या खुणेला कुणी हात लावायचा नाही, हा घरातला कायदा.

धावायचं म्हणजे दोन कळा आलटून पालटून दाबायच्या, जितक्या जलद दाबाल तितका पडद्यावरचा माणूस जलद. उडीला आणि फेकीला तिसरी कळ: ती दाबून धरली की कोन वाढत जातो, सोडली की उडी. सांगायला एवढंच. पण त्या दोन कळांवर आम्ही महिनाभर जो अभ्यास केला तो कुठल्या विषयाचा केला नसेल. मामेभाऊ, माझा दादा, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. तो दंड ताठ करून, दात आवळून, एकाच हाताची दोन बोटं कळांवर थरथरवायचा. पहिले ५० मीटर वाऱ्यासारखा, मग हात भरून यायचा आणि माणूस मंदावायचा. शेजारच्या खोलीतल्या मुलाने कॅरमची बोरिक पावडर बोटांना लावून पाहिली. बोटं छान घसरायची, पण पांढरी धूळ कळांच्या फटीत जाताना मामाने पाहिली आणि पावडरचा डबा जप्त झाला.

मी तेव्हा शिवाजी पार्कात सरावाला जायचे. १०० मीटर आणि अडथळे. आमच्या बाई सारख्या ओरडायच्या, ‘खांदे सोड, मूठ सोड!’ मुठी आवळून धावलं की ताकद खांद्यातच अडकते, पायापर्यंत पोचत नाही. एका दुपारी कळांसमोर बसले असताना ते एकदम आठवलं. दोन्ही हातांची एकेक तर्जनी घेतली, मनगटं सैल सोडली आणि तबल्यावर तिरकिट वाजावं तशी बोटं चालवली. तेव्हा लक्षात आलं की एक कळ पुरती सुटायच्या आत दुसरी दाबली गेली तर पाऊल वाया जातं. दादाची निम्मी पावलं अशी वाया जात होती. तो दाबण्याकडे बघत होता, मी सुटण्याकडे बघायला लागले. त्या दुपारी पहिल्यांदा माझी वेळ त्याच्या आत गेली. मला त्याचा झालेला आनंद आजही बोटांत आहे.

१५०० मीटर हा वेगळा प्रकार. तो संपता संपत नसे. आजी दारात बसून तांदूळ निवडायची, चष्मा कपाळावर, आणि मधूनच विचारायची, ‘कुठवर आला गं तो?’ तिला खेळ दिसत नव्हता, पण कळांचा टकटकाट मंदावला की ती लगेच म्हणायची, ‘दमला वाटतं.’

तो म्हणजे ब्रिटनचा डेली थॉम्प्सन. वडील नायजेरियन, आई स्कॉटिश, १९८० मध्ये मॉस्कोत सुवर्ण, १९८४ मध्ये लॉस एंजलिसला पुन्हा सुवर्ण. पेपरातल्या फोटोंमुळे तो कसा दिसतो हे आम्हाला ठाऊक होतं, पण पडद्यावरचा थॉम्प्सन मात्र गोरा. स्पेक्ट्रमवर आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनात दोनच रंग मावायचे हे मला आता माहीत आहे. तरीही एका माणसाच्या नावाने खेळ काढायचा आणि त्याचा रंग सोडून द्यायचा, हे मला खटकलं ते खटकलंच.

त्या लॉस एंजलिसबद्दल आमच्या घरात वेगळीच हुरहुर होती. ८ ऑगस्ट १९८४ला तिथल्या कोलिझियममध्ये थॉम्प्सनच्या डिकॅथलॉनचा पहिला दिवस होता आणि त्याच दिवशी, त्याच मैदानावर महिलांच्या ४०० मीटर अडथळ्यांची अंतिम फेरी. पी. टी. उषा चौथी आली. तिची वेळ ५५.४२ सेकंद, तिसऱ्या आलेल्या रुमानियाच्या कोजोकारूची ५५.४१. बाबांनी पेपरातले दोन्ही आकडे मोठ्याने वाचले आणि पेपर घडी करून ठेवला. मी त्याच पावसाळ्यानंतर अडथळ्यांच्या सरावाला लागले. एक शतांश सेकंद म्हणजे किती, हे मी कितीतरी वेळा टाळी वाजवून मोजायचा प्रयत्न केला आहे. टाळीसुद्धा त्याच्याहून लांब असते.

म्हणून आमच्या वहीतली ती नोंद मला इतकी लागली. दादा सगळ्या वेळा एका वहीत लिहायचा. प्रकार, नाव, आकडा. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ११० मीटर अडथळ्यांत त्याने १३.९७ केले. मग मी. शेवटचा अडथळा ओलांडला, रेषा पार केली, खोलीतली सगळी मुलं एकदम ओरडली आणि आकडा निघून गेला. मी १३.९६ वाचलं. दादा म्हणाला, १३.९८. त्या ठिपक्यांच्या अक्षरांत ६ आणि ८ यांच्यात फरक तो किती! निम्मी मुलं माझ्याकडून, निम्मी त्याच्याकडून. मी रडले. मामाने दोघांचं नीट ऐकून घेतलं, वही मागून घेतली आणि माझ्या नावापुढे शाईच्या पेनाने लिहिलं, ‘निकाल राखून ठेवला.’

पुन्हा खेळून ठरवू म्हणालो, तर दुसऱ्याच दिवशी उजवीकडच्या पाच कळा एकदम मुक्या झाल्या. मामाने खालचे पाच स्क्रू काढले. रबराच्या खाली प्लॅस्टिकचे पातळ पापुद्रे, त्यावर छापलेल्या रेघा, आणि त्यातून निघून आत जाणाऱ्या दोन चपट्या पट्ट्या, एक आठ रेघांची आणि एक पाच रेघांची. आठ गुणिले पाच, चाळीस कळा. आठवाल्या पट्टीची एक रेघ सॉकेटपाशी तडकली होती, म्हणून तिच्या पाचही कळा गेल्या. मामाने नखं कापायच्या कात्रीने पट्टीचं टोक चिमूटभर कापलं आणि पुन्हा खोचलं. चार दिवस चाललं, मग पट्टी आणखी वर तडकली. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात दोन चकरा मारल्या, पण तो भाग कुठे मिळाला नाही. जूनमध्ये शाळा उघडली, मामा बोटीवर गेला आणि स्पेक्ट्रम माळ्यावर.

बऱ्याच वर्षांनी मी थॉम्प्सनबद्दल वाचलं. लॉस एंजलिसला त्याचे गुण झाले ८७९७. पश्चिम जर्मनीच्या हिंगसेनचा विश्वविक्रम होता ८७९८. एका गुणाने हुकला. १९८६ मध्ये फोटो-फिनिश पुन्हा तपासले, तेव्हा ११० मीटर अडथळ्यांची त्याची वेळ १४.३४ नव्हे तर १४.३३ निघाली. तो एक गुण त्याला मिळाला, बरोबरी झाली, आणि वेळांचे-अंतरांचे गुण ठरवणाऱ्या नव्या तक्त्याने त्याची बेरीज ८८४७ झाली, म्हणजे विक्रम त्याचा एकट्याचा. अडथळेच, शतांश सेकंदच, आणि वर्षही तेच! मी रात्री अकरा वाजता दादाला फोन केला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘वही आहे माझ्याकडे.’

स्पेक्ट्रमचे ते पापुद्रे आता कुणीतरी नव्याने बनवतात. दादाने ते मागवले आणि गेल्या दिवाळीत भाऊबीजेला मी बोरिवलीला त्याच्या घरी गेले तेव्हा यंत्र टेबलावर मांडलेलं होतं. आजी नाही, मामा नाही. मामाच्या कुंकवाच्या खुणेचा टेपरेकॉर्डरही केव्हाच गेला. पण तिसऱ्या प्रयत्नात खेळ लोड झाला.

ओवाळून झाल्यावर दादाने वही उघडली. मामाचं अक्षर थोडं फिकट झालंय. त्याच पानावर खाली दादाने तारीख घातली, दोघांची नावं लिहिली, आणि त्याच्या मुलीला पडद्यासमोर मोबाइल धरून उभं केलं. ‘शेवटचा आकडा सुटता कामा नये,’ तो तिला म्हणाला. मी मनगटं सैल सोडली आणि दोन्ही तर्जन्या कळांवर ठेवल्या.