एवढ्यांतून नेमका हाच कसा निवडतात?

नारायण पेठेतल्या माझ्या खोलीत मी मुलामुलींच्या ऑडिशन शूट करून देते, समोर बसून क्यू, म्हणजे समोरच्या पात्राची वाक्यं, पण मीच देते, आणि मुलगी आत कॅमेऱ्यासमोर असताना बाहेर बसलेली आई हमखास विचारते, ताई एवढ्या सगळ्यांतून नेमका एकच कसा निवडतात हो, ओळख लागते का? परवा कोथरूडच्या काकूंनी विचारलं तेव्हा पुढची मुलगी दारात उभी होती, नीट बोलता आलं नाही, म्हणून आता लिहिते.

ओळखीने ऑडिशनचा निरोप लवकर कळतो, एवढं खरं. पण आपण ज्या रोलसाठी जातो तो बऱ्याचदा आपला नसतोच, आणि समोरच्याला ते आपल्याआधी दिसतं. बी. आर. चोप्रांचं महाभारत घ्या, १९८८ साली दूरदर्शनवर आलेलं. आपले नितीश भारद्वाज, शिकलेले जनावरांचे डॉक्टर, आधी विदुरासाठी होते, पण वय पंचविशीच्या आतबाहेर आणि विदुर तर पुढे म्हातारा होणार, मग नकुल-सहदेवाचं निघालं, त्यांच्या स्वतःच्या मनात अभिमन्यू होता, आणि शेवटी झाले कोण, तर कृष्ण! पंकज धीर अर्जुन करणार होते, बृहन्नडेसाठी मिशी काढायला नाही म्हणाले म्हणून अर्जुन गेला आणि नंतर कर्ण मिळाला. पुनीत इस्सरना भीम देत होते, त्यांनी दुर्योधन मागून घेतला. आणि ही सगळी निवड बघणारे गुफी पेंटल स्वतः शकुनी झाले. आज यातला एक जरी इकडचा तिकडे केला तरी आपल्याला चालणार नाही.

रामायणात अरुण गोविलांना रामासाठी आधी नकारच होता. नंतर लूक टेस्टमध्ये चेहऱ्यावर ते मंद हसू आणलं आणि राम सापडला. माणूस तोच, कपडे तेच. मला हा किस्सा फार जवळचा वाटतो कारण मी रोज हेच बघते, मुलं डायलॉग घोकून येतात आणि चेहरा तसाच कोरा.

डेली सोपचं अजून एक असतं, हिरोहिरॉईन शेजारी उभे करून बघतात, उंची, वय, घरातली मंडळी एकाच घरातली वाटतात का ते बघतात, मग मॉक शूट, म्हणजे खऱ्यासारखंच पण नुसतं बघण्यापुरतं शूटिंग, मग चॅनेलचा होकार. यात चांगली नटी सुटून जाते आणि त्यात तिच्या अभिनयाची काहीच चूक नसते. पुरुषोत्तम करंडक गाजवलेली माझ्याकडची एक मुलगी हिरॉईनसाठी नाकारली गेली, इथेच बसून रडली, तीन महिन्यांनी त्याच टेस्टवरून मोठ्या जावेसाठी फोन आला, आता ठाण्यात शूटिंग करते.

तर काकू, मुलीला सांगा, हिरॉईनचा सीन झालाय, आता नणंदेचा पण एक पाठ करून ये. गुरुवारी संध्याकाळी खोली मोकळी आहे.