तुम्ही विचारलंत म्हणून: मी विकायला का विणत नाही

"इतकं सुंदर करता, मग विकत का नाही हो?" हळदीकुंकवात, हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये, दवाखान्याच्या बाकावर, जिथे म्हणून मी पिशवीतून सुई काढते तिथे हा प्रश्न येतोच. पूर्वी हसून विषय बदलायचे. गेल्या महिन्यात भाचीनेही तेच विचारलं आणि वर म्हणाली, "मावशी, तुला पैशाची किंमत नाही." ते लागलं. म्हणून एकदा नीट सांगते.

त्याआधी दुसरा रोजचा प्रश्न संपवते. सोलापूरच्या उन्हात लोकर कशाला? लोकर मी विणते ती दिवाळीपासून जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत. कानटोपी, मोजे, कुणाच्या बाळंतविड्यातलं टोपरं, एवढंच. एरवी सुती दोरा आणि क्रोशा. मे महिन्यात पारा 43च्या पुढे गेला की घामाने दोरा बोटाला चिकटतो, मग मांडीवर पंचा ठेवायचा आणि मधूनमधून हात पुसायचा. सुताच्या गावात सुताचं काम करायला आणखी कारण काय हवं?

आता मुख्य प्रश्न. विकलं आहे मी. एकदाच.

एका बाईंना संक्रांतीच्या वाणासाठी साठ बटवे हवे होते. एकच रंग, गडद जांभळा, आत अस्तर, वर ओढायची दोरी. भाव दीडशे रुपये ठरला, तोही मीच सांगितला. दोरा, अस्तर, मणी मिळून पस्तीस जायचे. एका बटव्याला अडीच तास लागायचे. हिशेब करा, तासाला सेहेचाळीस रुपये पडतात. तेव्हा मी तो केला नाही. कुणीतरी माझ्या हातच्या कामाचे पैसे द्यायला तयार आहे, याचाच आनंद इतका होता की साठ गुणिले अडीच म्हणजे दीडशे तास आणि हातात दिवस पंचवीस, हे ऑर्डर घेतल्यावर लक्षात आलं. नोकरी करून रोज सहा तास कुठून आणायचे?

मग आईला मदतीला घेतलं. क्रोशा मला तिनेच शिकवला. साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब, सगळं तिच्या मांडीशी बसून शिकले. बटव्याचा तळ गोल असतो. सहा मुक्या खांबांनी सुरुवात, पुढच्या ओळीत बारा, मग अठरा, असे सहा-सहा वाढवत गेलं की गोल सपाट बसतो. आठव्या ओळीला अठ्ठेचाळीस व्हायला हवेत. आईच्या दोन्ही डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू होता. ती बघून मोजायची नाही, बोटांनी चाचपायची. कधी सत्तेचाळीस व्हायचे, कधी पन्नास. त्यात तिचा हात पहिल्यापासून सैल आणि माझा घट्ट. तेवढेच टाके घालून तिचा बटवा अर्धा इंच मोठा व्हायचा.

मला हे दिसत होतं. तिला मी काही बोलले नाही. हातचं काम आहे, थोडं इकडेतिकडे चालणारच, असं मनाशी म्हटलं.

संक्रांतीच्या सहा दिवस आधी बटवे घेऊन गेले. बाई चांगल्या होत्या, चहा दिला, कौतुक केलं. मग सतरंजीवर बटवे मांडून एकेक उचलून बघायला लागल्या आणि बघता बघता दोन ढीग झाले. उजवीकडे बेचाळीस, डावीकडे अठरा. "हे जरा वेगळे दिसतात बघा. आमच्यात बायका एकमेकींचं वाण बघतात, नंतर बोलणं नको." अठराच्या अठरा आईचे होते. एकही चुकून माझ्या ढिगात गेला नव्हता.

आम्ही लहानपणी सोलापूरच्या पूर्व भागात राहायचो. शेजारच्या तेलुगू काकू बिड्या वळायच्या. मजुरी दर हजार बिड्यांमागे. कारखान्यात माल दिला की त्यातून छाट निघायची, म्हणजे वाकडी, कमी भरलेली, दोरा सैल असलेली बिडी बाजूला काढायची. छाटेचे पैसे नाहीत. किती निघाली ते काकू गल्लीच्या तोंडाशी दिसल्या की त्यांच्या चालीवरून कळायचं. त्या सतरंजीवर मला तो शब्द आठवला, आणि तरी मी म्हणाले, "चार दिवसांत बदलून देते."

दुकानात त्या जांभळ्याचा तो लॉट संपला होता. लॉट बदलला की रंग किंचित फिरतो, शेजारी ठेवलं की कळतं. म्हणजे दोरा एकाच ठिकाणी मिळण्यासारखा होता. रात्री मी आईचे बटवे उसवायला घेतले. क्रोशा शेवटच्या टाक्याची गाठ सोडून ओढला की सरसर सुटत जातो. अडीच तासांचं काम दोन-तीन मिनिटांत मांडीवर. आईला तर एकाला चार तास लागत होते.

ती झोपली आहे असं मी समजत होते. उठून आली, दारात थोडी थांबली, मग माझ्याजवळ खाली बसली. काही विचारलं नाही. सुटलेल्या दोऱ्याचं टोक शोधलं आणि गुंडा करायला लागली. मी उसवत होते, ती गुंडाळत होती. पाचव्या-सहाव्या बटव्याला एवढंच म्हणाली, "असाच वापरू नको, वळ्या पडल्यात. लडी कर, ओल्या करून वाळत घाल, मग सरळ येईल." तसंच केलं. सकाळी गच्चीवरच्या तारेवर जांभळ्या लड्या लटकत होत्या.

चार रात्रींत अठरा बटवे झाले, मनगट सुजलं, नऊ हजार रुपये मिळाले. त्यातले तिच्या अठराचे सत्तावीसशे तिच्या हातात ठेवले. तिने परत दिले. "माझे कुठले अठरा?"

तेव्हाच्या मला मी आजही विचारते, त्या अठरांसाठी दुसरा रंग चालेल का, एवढं त्या बाईंना का विचारलं नाहीस? कदाचित त्या हो म्हणाल्या असत्या. तेव्हाची मी म्हणते, दिलेला शब्द पाळायला नको? नवऱ्याचा पगार तीन महिने अडकला होता, घरात पैसे हवे होते, हेही तिचं खरंच आहे. आणि खोलवर तिला आईचे सैल टाके स्वतःच्या नावावर जायला नको होते. हे सांगायला मला बरीच वर्षं लागली.

आईचं ऑपरेशन झालं, आता तिला स्वच्छ दिसतं. तरी तिने दोन वर्षं सुईला हात लावला नाही. हल्ली तोरणं करते, कुणाला द्यायची नसतात. मी शेजारी बसते आणि तिचे टाके मोजत नाही. मोजायची सवय मात्र त्या पंचवीस दिवसांत लागली ती लागली, मनातल्या मनात चालूच असते.

तुम्ही म्हणाल, मग भाव वाढवून लावा, चारशे सांगा. सांगून बघितलंय. "बाजारात दीडशेला मिळतं." मिळतं, खरं आहे. पण खरा क्रोशा करणारं यंत्र अजून कारखान्यात आलेलं नाही. दोन सुयांच्या विणकामाचं यंत्र विल्यम लीने 1589 साली केलं, म्हणून मोजे-स्वेटर कारखान्यात होतात. क्रोशासारखी दिसणारी मशीनची लेस ही वेगळ्या रीतीने विणलेली जाळी असते. तेव्हा खऱ्या क्रोशाचा बटवा दीडशेला मिळाला तर त्यामागे कुठेतरी एक बाई तासाला माझ्याहून कमी पैशांत बसलेली आहे, क्रोशाच्या लेसेसाठी प्रसिद्ध असलेल्या आंध्रातल्या नरसापूरला असेल नाहीतर आणखी कुठे. तिच्यापेक्षा स्वस्त व्हायचं मला जमणार नाही आणि जमवायचंही नाही.

पण फुकट देते म्हणून लोक गृहीत धरतात, त्याचाही राग येतो. "बसल्या बसल्या करता ना तुम्ही, मग माझ्या सुनेला एक शाल करा की." हे ऐकलं की वाटतं, चारशे काय, हजार सांगावेत. मग सांगत नाही. शालही करत नाही.

भाचीला यातलं बटव्यांचं काही माहीत नव्हतं, आता वाचेल. तिने तिच्या मैत्रिणीसाठी बाळंतविडा मागितला आहे, पैसे सांग म्हणाली आहे, दिवस भरायला अजून तीन महिने आहेत. पिवळी लोकर घरात आहे. टोपऱ्याचे टाके काल सुईवर घातले. आकडा अजून सांगितलेला नाही.