एका मिनिटाची बॅग

पिकलबॉलच्या स्पर्धेतला महिला दुहेरीचा सामना, तिसरा गेम, सर्व्ह करणारीनं स्कोअर पुकारला होता ‘नऊ-आठ-दोन’, म्हणजे आपले नऊ, समोरच्यांचे आठ आणि जोडीतली दुसरी सर्व्हर. पुढचा पॉइंट गेला आणि एक ताई टाइमआउट घेऊन थेट माझ्या टेबलाशी आल्या. पॅडल, म्हणजे या खेळातली बॅट, पुढं केलं. ओव्हरग्रिपचं, म्हणजे मूळ ग्रिपवर गुंडाळायच्या पट्टीचं, टोक सुटून वीतभर लोंबत होतं.

‘‘दादा, पटकन करून द्या.’’

मे महिना, ठाण्यातला एक बॅडमिंटन हॉल, पंखे बंद, कारण वाऱ्यानं बॉल हलतो. स्पर्धांमध्ये मी दुरुस्तीचं टेबल सांभाळतो. ग्रिप बदलणं, पॅडलच्या कडेला टेप लावणं, पॅडल वाजवून बघणं, एवढंच काम. पण दिवसभर लोकांच्या उघड्या बॅगा समोर येतात, त्यामुळं कोण कसं बॅग भरतं ते पाठ झालंय.

टाइमआउट एक मिनिटाचा. त्यातले पंधरा सेकंद चालण्यातच गेले होते. ओव्हरग्रिप नीट चढवायला सरावलेल्या हातालाही तीन-चार मिनिटं लागतात. जुनी उतरवायची, दांडा कोरडा पुसायचा, नव्या ग्रिपचं निमुळतं टोक दांड्याच्या बुडाशी चिकटवायचं, सारखा ताण ठेवून प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर जेमतेम तीन मिलिमीटर चढवत वर न्यायचं, उरलेलं तिरकं कापायचं आणि वर टेप. डावखुऱ्याची असेल तर गुंडाळायची दिशाच उलटी. हे एका मिनिटात होत नाही. मी काळ्या इन्सुलेशन टेपचे दोन वेढे ओढून मारले आणि विचारलं, ‘‘दुसरं पॅडल आहे ना?’’

‘‘आहे, पण ते नको.’’

गेम ९-११ गेला. ग्रिपमुळंच गेला असं मी म्हणणार नाही, समोरची जोडी चांगली होती. पण दहाव्या पॉइंटला ताईंचं पॅडल हातात फिरलं आणि साधा डिंक, म्हणजे जाळीपलीकडं हळूच टाकायचा फटका, छातीएवढा उठला, हे मी बसल्या जागेवरून बघितलं. रेफ्रीला वाटलं तर तो इक्विपमेंट टाइमआउट देऊ शकतो, पण ते त्याच्या मनावर. त्या भरवशावर बॅग भरता येत नाही.

मिश्र दुहेरीचा त्यांचा सामना चारला होता. जेवणाच्या सुट्टीत मी म्हटलं, बॅग इथं टेबलावर रिकामी करा, बघू.

आधी ते पॅडल. एकावर एक तीन ओव्हरग्रिप. हे फार जण करतात, वरची झिजली की तिच्यावरच नवी. आतल्या दोन घामानं भिजून स्पंजासारख्या झालेल्या असतात. वरची कितीही कोरडी असू दे, ती आतल्या थरावर सरकते. शिवाय दांडा जाड होतो आणि प्रत्येक ओव्हरग्रिपचं पाचेक ग्रॅम वजन हाताशी वाढतं. सगळ्या सोलून काढल्या तेव्हा मूळ ग्रिपही ओली होती. ती पंख्यासमोर अर्धा तास ठेवली आणि मग एकच नवी चढवली. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत खूप घाम येणाऱ्याला एक ओव्हरग्रिप स्पर्धेच्या एका दिवसापुरतीच. पुण्याच्या कोरड्या हवेत तीच जास्त टिकते. बॅगेत तीन असाव्यात, छोटी कात्री आणि टेप त्याच पाकिटात. ग्रिप आहे पण कात्री नाही, ही तक्रार मी इतक्यांदा ऐकलीय की टेबलाला दोरीनं एक कात्री बांधूनच ठेवलीय.

मग ते ‘नको’ असलेलं दुसरं पॅडल. पहिलं १६ मिलिमीटर जाडीचं, हे १४ चं. जाड गाभ्याचं पॅडल चेंडूचा वेग जास्त शोषतं, डिंक मऊ पडतो. पातळ पॅडलवरून तोच डिंक उंच उडतो. त्यावर ओव्हरग्रिप नाही, म्हणजे दांडाही वेगळा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा मी टेबलावर ठेवतोच. दोन्ही पॅडलमध्ये २० ग्रॅमच्या वर फरक निघाला. असं पॅडल हातात घेऊन नऊ-आठला कोण उतरेल? दुसरं पॅडल शक्यतो त्याच मॉडेलचं, त्याच जाडीचं, तशीच ग्रिप असलेलं हवं, आणि आठवड्यातून एकदा तरी त्यानं खेळलेलं असावं. नवं घ्यायचं झालं तर मान्यताप्राप्त पॅडलच्या यादीत मॉडेलच्या नावासोबत जाडीही जुळवून बघायची. एकाच नावाच्या दोन जाड्यांची नोंद वेगळी असते. लांबी १७ इंचांच्या आत आणि लांबी-रुंदीची बेरीज २४ इंचांच्या आत हा नियम कडेला लावलेली टेप धरून मोजतात.

पण खरी गोष्ट पुढं निघाली. मी ते १४ चं पॅडल कानाजवळ धरून बोटाच्या पेरानं वाजवलं. मधोमध टक, टक, टक. दांड्याच्या वर, उजव्या अंगाला, थप. चार बोटांएवढा भाग बसका वाजत होता. अंगठ्यानं दाबलं तर पृष्ठभाग किंचित आत जाऊन परत येत होता. आतला पॉलिप्रॉपिलीनचा मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गाभा आणि वरचा कार्बनचा थर यांची पकड सुटली होती. अशा जागी लागलेला बॉल कधी गोळीसारखा सुटतो, कधी मरतो. रेफ्रीच्या लक्षात आलं तर तो पॅडल बाजूला ठेवायला लावतो.

‘‘बॅग रात्री कुठं असते?’’

‘‘गाडीच्या डिकीत. दोन दिवसांपासून तिथंच आहे.’’

दोन दिवस नव्हे, दोन तास पुरतात. उन्हात उभ्या गाडीची डिकी भट्टी होते आणि थर चिकटवणारा गोंद मऊ पडतो. मग खेळताना बसलेला प्रत्येक फटका तो थर थोडा थोडा उचलतो. बॉलचंही तेच. गरम झालेला बॉल मऊ पडतो, उसळी बदलते, गोलाई जाते. ताईंच्या बॅगेत पाच बॉल होते. हवेत फिरवले तर दोन लटपटत फिरले, एकाला दोन भोकांच्या मधे केसाएवढी चीर. ते तिन्ही कचऱ्यात. सामन्याचे बॉल आयोजक देतात, आपल्याला लागतात ते वॉर्मअपला. तीन पुरे, पण स्पर्धेत जो बॉल आहे तोच. हॉल आहे म्हणजे २६ भोकांचा इनडोअर बॉल असेल असं धरून चालू नका. आपल्याकडं हॉलमध्येही बऱ्याचदा ४० भोकांचा आउटडोअर बॉलच वापरतात, आणि तो जास्त कडक आणि वेगवान असतो.

बुटांचं थोडक्यात. ताईंनी रबरी, डाग न पाडणाऱ्या तळाचे आणले होते, म्हणून सिंथेटिक मॅटवर प्रवेश मिळाला. त्यांच्या मिश्र दुहेरीच्या जोडीदाराचे मात्र पळायचे बूट. उंच टाच, मऊ तळ, आणि इथं सगळी धावाधाव आडवी. घोटा वळायला एवढं पुरतं. मोज्यांचे तीन जोड हवेत, दोन सामन्यांनंतर बदलायचे. ओल्या सुती मोज्यांनी टाचेला फोड आला की उरलेला दिवस लंगडत.

बॅगेत दोन मोठे टर्किश टॉवेलही होते, दोन्ही ओले. त्यांनी अर्धी बॅग खाल्ली होती. त्याऐवजी चार पंचे. आपला साधा सुती पंचा घाम पटकन टिपतो, खुर्चीवर टाकला की दोन गेममध्ये वाळतो.

आणि एक झळझळीत पिवळा टी-शर्ट. बॉल पिवळाच होता. कपड्यांचा रंग बॉलच्या रंगाशी मिळत असेल तर बदलायला सांगता येतं. ताईंना हे माहीत नव्हतं, चारच्या सामन्यासाठी तोच काढून ठेवला होता. निळा घातला.

पाण्याच्या बाटलीनं मला जास्त काळजी वाटली. अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओआरएसचं अख्खं पाकीट, एक लिटरचं. सकाळपासून मळमळतंय म्हणत होत्या, ते कदाचित यामुळंच. पाकिटावर लिहिलेलं पाणी म्हणजे तेवढंच पाणी. अर्ध्या लिटरच्या बाटल्या वापरायच्या तर २०० मिलिलीटरची दोन छोटी पाकिटं घ्या, ४०० पाणी मोजून घाला. खायला शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, केळं. वडापाव सगळे सामने संपल्यावर.

मग भरायला घेतलं. वस्तूंची यादी करून बॅग भरली की सगळं असतं आणि काहीच सापडत नाही. मी वेळेनं भरायला सांगतो. टाइमआउट एक मिनिट, दोन गेमच्या मधे दोन मिनिटं, दोन सामन्यांच्या मधे निदान दहा. एका मिनिटात लागणारं एका छोट्या पिशवीत, आणि ती पिशवी बॅगेतून काढून खुर्चीवर न्यायची: तयार पॅडल, पंचा, मनगटपट्टी, पाणी, चष्म्याचा पुसणा. चष्मा पॉलिकार्बोनेटचाच. किचनची, म्हणजे जाळीलगतच्या ज्या पट्ट्यात उभं राहून बॉल हवेतल्या हवेत मारता येत नाही त्याची, रेषा जाळीपासून ७ फुटांवर, म्हणजे समोरचा माणूस १४ फुटांवरून हाणतो. दोन मिनिटांचं बॅगेच्या वरच्या कप्प्यात: चिक्की, दुसरी बाटली, पॅडल घासायचा रबर. कार्बनच्या खरखरीत पृष्ठभागावर बॉलच्या प्लॅस्टिकची पुटं चढतात, फिरकी कमी होते. रबर कोरडाच घासायचा, पाणी नको. बाकी सगळं, ग्रिप, मोजे, क्रेप बँडेज, चिकटपट्ट्या, खाली. ओले कपडे वेगळ्या पिशवीत, पॅडलला लागू न देता.

जाता जाता त्यांना जमिनीवरची रेषा दाखवली. बॅडमिंटनचं दुहेरीचं कोर्ट आणि पिकलबॉलचं कोर्ट एकाच मापाचं, २० बाय ४४ फूट. पण बॅडमिंटनची सर्व्हिसची रेषा जाळीपासून साडेसहा फुटांवर आणि किचनची सातवर. सोसायटीच्या कोर्टवर सराव करणारे बॅडमिंटनच्याच रेषेला किचन मानतात आणि स्पर्धेत सहा इंचांनी फसतात. ताईही सोसायटीतच खेळत होत्या. एक छोटी मोजपट्टी आणि रंगीत टेप बॅगेत गेली.

चारला त्या कोर्टवर गेल्या तेव्हा हातात फक्त ती छोटी पिशवी होती. दुसरं पॅडल माझ्या टेबलावरचं, १६ चं, ओव्हरग्रिप चढवलेलं. बॅग मात्र त्यांनी माझ्या खुर्चीखाली ठेवली. डिकीत नको म्हणाल्या.