दात विचकणारी माकडं आणि तांगकोकोचे दोन दिवस

झाडाच्या मुळावर बसलेल्या एका मोठ्या नराने आमच्या दिशेने बघून जांभई दिली, चांगली लांबलचक, सुळे पार हिरड्यांपर्यंत दिसतील अशी, आणि आमचा गाईड हळूच म्हणाला, पेलान-पेलान. म्हणजे हळूहळू. मागे सरका. मला वाटलं होतं त्याला झोप आलीये, सकाळचे साडेसहा तर वाजले होते. पण गाईडने आमच्या पाठीमागे बोट दाखवलं, तिथे दुसरा नर येऊन उभा राहिला होता आणि ती जांभई त्याच्यासाठी होती. ताण वाढला की नर असे सुळे दाखवतात म्हणे. आम्ही दोघी मैत्रिणी नेमक्या त्या दोघांच्या मध्ये उभ्या होतो. सरकलो बाजूला.

तांगकोको म्हणजे इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटाच्या पार उत्तर टोकाचं जंगल. मनाडोला विमानाने उतरायचं, तिथून गाडीने साधारण दोन तास, बातूपुतीह नावाचं गाव, काळ्या वाळूचा किनारा (ज्वालामुखीची वाळू आहे ती) आणि किनाऱ्याला लागूनच झाडी सुरू. बरेच लोक इथे टार्सियर बघायला येतात, ते मुठीएवढे मोठ्या डोळ्यांचे प्राणी, आम्हीही बघितले, पण त्यावर पुन्हा कधीतरी. मी आले होते याकीसाठी. याकी हे तिथलं स्थानिक नाव, तुरेवालं काळं मकाक (मकाक म्हणजे माकडांचा एक गट, आपली लालतोंडी माकडंही त्यातलीच). अंगभर काळंभोर, डोक्यावर केसांचा उभा तुरा, शेपूट नावापुरतं, डोळे मधासारखे. तुम्ही त्यांना बघितलेलं आहे, कारण २०११ मध्ये ज्या माकडाने ब्रिटिश फोटोग्राफर डेव्हिड स्लेटरच्या कॅमेऱ्यावर स्वतःचा फोटो काढला आणि मग त्या फोटोच्या मालकीवरून अमेरिकेत कोर्टापर्यंत प्रकरण गेलं, ते माकड हेच. त्या फोटोत सगळ्या जगाला काय दिसलं, तर हसणारं माकड. मीसुद्धा तेच बघत आले होते आजवर.

जंगलात गेल्यावर पहिला तासभर मला फक्त काळी तोंडं दिसत होती. चेहरा काळा, केस काळे, सावली दाट, त्यात काय कळणार. मग गाईडने सांगितलं की अख्खं माकड बघू नका, कान आणि कपाळ बघा. आणि खरंच तिथून सगळं उघडायला लागलं.

एक मादी पिल्लू पोटाशी धरून बसली होती. दुसरी एक तिच्याकडे यायला निघाली, पण सरळ नाही आली, चार पावलं येऊन थांबली, कान मागे चिकटवले, कपाळाची कातडी मागे ओढली आणि ओठ इतके भराभर उघडमीट करायला लागली की जवळ गेल्यावर चपचप ऐकू यायचं. आईनेही तसंच केलं. मग ती आणखी पुढे आली, पिल्लाला वास घेऊन पाहिलं, हात लावला, आणि नंतर आईच्या खांद्यातल्या उवा वेचत बसली. सगळं मिळून मिनिटभराचं काम, आवाज जवळजवळ नाहीच. पण ती ओठांची उघडमीट झाली नसती तर ती आई पिल्लू घेऊन उठून गेली असती, असं मला वाटतं, कारण थोड्या वेळाने एक तरुण नर काहीच न करता, चेहरा कोरा ठेवून जवळ आला तेव्हा ती तशीच उठून गेली.

आता दात. मराठीत दात विचकणं हा शब्द आपण काही कौतुकाने वापरत नाही. आणि ऱ्हीसस माकडांच्या बाबतीत, म्हणजे उत्तर भारतातली ती लालसर तोंडाची, दात विचकण्याचा अर्थ बऱ्यापैकी ठरलेला असतो, खालच्याने वरच्यासमोर केलेली ती शरणागती. त्यांच्यात पायऱ्या कडक असतात, पोरीला आईच्या खालोखाल जागा मिळते, कोण कोणापुढे झुकणार हे आधीच ठरलेलं. पण सुलावेसीच्या माकडांत तसं नाही. खालच्या पायरीवरचं माकड उलटून बोलतं, मार खाल्लेला फिरून अंगावर जातो, आणि भांडण झालं की मिटवतातही लवकर. बर्नार्ड थिएरी नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञांनी मकाकांच्या जातींना अशा चार पातळ्यांत मांडलंय, एका टोकाला ऱ्हीसस आणि जपानी माकडं, दुसऱ्या टोकाला ही सुलावेसीची. इथे दात दोन्ही बाजूंनी विचकले जातात, वरचाही खालच्याला दाखवतो, आणि त्यानंतर बरेचदा मिठी असते किंवा उवा वेचणं किंवा खेळ. २०२० मध्ये याच जातीवर झालेल्या अभ्यासात तर असं दिसलं की दात विचकण्याचेही वेगवेगळे बारीक प्रकार आहेत आणि कुठल्या प्रकारानंतर पुढे काय घडणार हेही वेगळं असतं. आपल्याला सगळे सारखेच दिसतात, त्यांना नाही.

हे मी दुपारी बघितलं. पडलेल्या फळांवरून दोन माद्यांची जुंपली, किंचाळणं, पाठलाग, एकीचा कान धरला गेला, धूळ उडाली. मी व्हिडिओ बंद करणार एवढ्यात गाईड म्हणाला थांबा. पाचेक मिनिटं दोघी पाठ करून बसलेल्या, मधूनच एकमेकींकडे बघायच्या आणि नजर काढून घ्यायच्या, मग जिने मार खाल्ला होता तिने मान वळवून दात दाखवले, दुसरीने लगेच दाखवले आणि दोघी छातीला छाती लावून चिकटल्या, ओठांची चपचप चालूच. मला तिथे रडू आलं, का ते नीट सांगता येणार नाही.

२०२३ मध्ये ऱ्हीसस, उत्तर आफ्रिकेतली बार्बरी आणि ही तुरेवाली माकडं अशा तीन जातींच्या चेहऱ्यांची तुलना प्रसिद्ध झाली, चेहऱ्याचा एकेक स्नायू कधी हलतो ते व्हिडिओतून नोंदवून. माणसांच्या चेहऱ्यासाठी अशी पद्धत १९७८ मध्ये एकमन आणि फ्रीसन या मानसशास्त्रज्ञांनी बनवली होती, २०१० मध्ये तिची माकडांसाठीची आवृत्ती आली. २०२३ च्या त्या तुलनेत दिसलं की याकींच्या चेहऱ्यावरच्या हालचालींच्या जोड्या जास्त तऱ्हेच्या असतात आणि फक्त प्रसंगावरून त्यांचा अंदाज बांधणं जास्त कठीण जातं. मला हे अगदी पटलं. जिथे निकाल आधीच ठरलाय तिथे एक खूण पुरते, जिथे काहीच ठरलेलं नाही तिथे दर वेळी चेहऱ्याने बोलून घ्यावं लागतं, मी येतोय, मी चावणार नाही, तू?

डार्विनने १८७२ च्या त्याच्या भावमुद्रांवरच्या पुस्तकात याच काळ्या माकडाची दोन चित्रं दिली आहेत, एक शांत बसलेलं आणि एक कुरवाळल्यावर खूश झालेलं, दुसऱ्यात दात दिसतात. अनोळखी माणसाला हा आनंद आहे हे कळायचंच नाही, असंही तो म्हणतो. त्याने ते लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पाहिलं होतं, पिंजऱ्यात, आणि तरीही नेमकं पकडलं.

एका गोष्टीचं मात्र वाईट वाटलं. काही पर्यटक फोटोसाठी अगदी तोंडाजवळ जाऊन डोळ्यांत डोळे घालून बघत होते. रोखून बघणं ही याकींमध्ये धमकी आहे, माकड नजर चुकवत होतं आणि लोक म्हणत होते लाजतंय. ही जात अतिसंकटग्रस्त आहे, त्या भागात मांसासाठी यांची शिकार होते, आणि जे कळप माणसाला सरावलेत त्यांनी तरी आपल्या धमक्या का सोसाव्यात. कृपा करून लांब उभे राहा, नजर थोडी बाजूला ठेवा. उलट जास्तच दिसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो जांभईवाला नर पुन्हा भेटला, मुळावर नाही तर किनाऱ्याजवळच्या उघड्या जागेत, आणि समोरून तो कालचा दुसरा. आम्ही दोघी आपसूक मागे झालो. जांभई आलीच, मोठी. दुसरा थांबला. मग त्याचे कान मागे गेले, कपाळ ओढलं गेलं, ओठ सुरू झाले, पहिल्याचेही सुरू झाले, दोघे एकमेकांच्या बाजूला येऊन क्षणभर बिलगले आणि सुटले. नंतर पहिला तिथेच आडवा झाला आणि दुसरा त्याच्या पाठीतल्या उवा वेचायला बसला, वाळूत, ऊन पाठीवर घेत, आम्ही निघेपर्यंत.