वतन आणि दौलत

२४ जून २०२५, मंगळवार, बर्लिन

सकाळी डोळे उघडले तर मोबाईलवर इस्रायल-इराण युद्धविरामाची बातमी, तशीच चपला अडकवून खाली गेले. खालच्या मजल्यावरच्या ताईकडे. ती इराणी आहे, मी तिला ताई म्हणते, ती मला जान म्हणते. दार उघडलं तेव्हा हातात फोन होताच. बारा दिवस झाले, तो फोन खाली ठेवलेला मी पाहिला नाही. तिची आई तेहरानची, बॉम्ब पडायला लागले तसं भाऊ तिला गाडीत घालून उत्तरेला कॅस्पियनच्या बाजूला निघाला, आणि मग तिकडचं इंटरनेटच बंद झालं, तेव्हापासून धड बोलणं नाही.

चहा केला तिने. ही लोकं साखर चहात घालत नाहीत, खडा दातात धरून वरून चहा पितात. आज तिने खडा उचलला आणि परत बशीत ठेवून दिला, चहा तसाच गार झाला.

ही तीच बाई आहे जी हिजाबवरून पकडलेली महसा अमिनी तिकडे पोलीस कोठडीत गेल्यावर ऑक्टोबर २०२२ मध्ये इथल्या मोर्चात होती, ऐंशी हजारांच्या आसपास लोक होते त्या दिवशी. "ज़न, ज़ेंदेगी, आज़ादी" (बाई, जगणं, स्वातंत्र्य) ओरडून घसा इतका बसला की पुढचे चार दिवस माझ्याशी खुणेने बोलत होती. तिथल्या राजवटीबद्दल तिच्या तोंडून एक बरा शब्द मी कधी ऐकला नाही. आणि म्हणूनच बहुतेक, पहिला हल्ला झाला त्यानंतर तिच्या ऑफिसात एकाने येऊन तिचं अभिनंदन केलं. आता तुमचं सरकार पडेल म्हणून! हे सांगताना तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. म्हणाली, आईने परत खिडक्यांना चिकटपट्टी लावली गं, फुलीसारखी. १९८० ते ८८ च्या इराक युद्धात लावायची तशीच, काच फुटली तर अंगावर उडू नये म्हणून. मी तेव्हा शाळेत होते, पट्टी कापून द्यायचं काम माझं.

मग ती म्हणाली, वतन माझं आहे, दौलत माझी नाही.

मला क्षणभर कळेचना. आपल्याकडे वतन म्हटलं की पाटीलकी-कुलकर्णीपण आठवतं आणि दौलत म्हणजे पैसाअडका. फारसीत वतन म्हणजे मायभूमी आणि दौलत म्हणजे सरकार. (पेशवाईच्या कागदांत दौलत म्हणजे राज्यच की, शब्द तिकडूनच तर आले.) दोन गोष्टींना दोन शब्द आहेत, आणि बाहेरची माणसं दोन्ही एकच धरतात. एकतर म्हणतात तू त्या सरकारची, नाहीतर म्हणतात सरकार नको ना तुला, मग बॉम्ब पडले तर रडतेस कशाला. १९५३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनने मिळून इराणचे पंतप्रधान मोसद्देक यांचं सरकार उलथवलं ते त्यांच्या घराघरात अजून बोललं जातं, त्यामुळे बाहेरून कोणी तुमची सुटका करतो म्हणालं की पूर्वीच्या राजाला, शाहला शिव्या घालणारे आणि मुल्लांना शिव्या घालणारे दोघंही आधी संशयानेच बघतात, आणि मला ते अगदी पटतं.

मला मनापासून लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. इथे कोणी मला दिल्लीच्या एखाद्या निर्णयाचा जाब विचारला की माझा पारा चढतो, मी काय प्रवक्ती आहे का. आणि तीन वर्षांपूर्वी जिन्यात हिची ओळख झाली तेव्हा माझा पहिला प्रश्न काय, तर तुम्हाला तिकडे हिजाब घालावाच लागतो ना? नाव विचारायच्या आधी. तिने तेव्हा शांतपणे उत्तर दिलं होतं आणि संध्याकाळी वर येऊन केशरभात देऊन गेली होती.

आत्ता रात्रीचे साडेनऊ, बाहेर अजून उजेड आहे. मघाशी परत जाऊन आले. भावाचा दोन ओळींचा मेसेज आलाय, आई बरी आहे, तेहरानला परत जायचं म्हणून हट्ट धरून बसलीये. ताईने सकाळपासून काही खाल्लेलं नाही. उद्या ऑफिसला जायच्या आधी उपमा करून खाली नेते.